शंभरात पाच भाग

तिसऱ्यांदा टोपली परत आली तेव्हा मी अंगणात जवळा सुकायला पसरत होते. जमनाने डोक्यावरची टोपली उतरवून माझ्यासमोर ठेवली आणि पदराने मान पुसत उभी राहिली. टोपलीत पेंढ्यावर मी सकाळी मांडून दिलेली अंडी तशीच होती. एकही जागचं हललं नव्हतं. पाच मैल न फोडता नेणं आणि पाच मैल न फोडता परत आणणं, हेही एक कसबच आहे. पण त्याची कुणाला पडलीय.

“काय बोलला खानावळवाला?” मी विचारलं.

“तेच. वास येतो.”

“कसला?”

“ते पण तेच. माशाचा.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि बोलला, आता आठ दिवसांचा एकच डाव देतो. परत तसंच झालं तर पालघरच्या व्यापाऱ्याची अंडी चालू करणार.”

मी एक अंडं उचललं, नाकाशी धरलं. अंड्याला अंड्याचा वास येत होता.

“वयनी,” जमना म्हणाली, “खरं सांग. मी परत खडीवर जाऊ का?”

सदुसष्ट साल होतं. तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं काम जोरात चाललं होतं आणि आमच्या नवापूरच्या बायका सकाळी ट्रकात बसून ठेकेदाराकडे खडी फोडायला जात होत्या. जमनाचा नवरा होडीवरून गेला तो परत आला नाही. तेव्हापासून दोन वर्षं ती खडीवर होती. डाव्या अंगठ्याचं नख गेलं होतं, आणि दगडाच्या पिठाने अशी खोकायची की शेजारच्या घरात झोपलेलं मूल उठायचं. तिला तिथून मी उठवलं. माझ्या तोंडाने सांगितलं, “जमने, खडी सोड. कोंबड्या पाळ. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की सगळा गाव हात बांधून बसतो, तेव्हासुद्धा कोंबडी अंडं देते.” हे वाक्य मला फार आवडलं होतं. चौदा घरांत जाऊन मी ते चौदा वेळा बोलले होते.

कोंबड्या आणल्या होत्या विजयाबाईंनी. या आमच्या ग्रामसेविका, साताऱ्याकडच्या, वय असेल तेवीस-चोवीस. ट्रेनिंग घेऊन थेट आमच्याकडे आलेल्या. पांढऱ्याशुभ्र परदेशी जातीच्या कोंबड्या. बायका त्यांना सरकारी कोंबडी म्हणायच्या, कारण त्या अंडी घालायच्या पण अंड्यावर बसायच्या नाहीत. पुढचं काम दुसऱ्यावर. कोंबड्यांबरोबर विजयाबाईंनी एक पुस्तिकाही दिली होती आणि ती माझ्या हातात दिली, कारण आमच्या महिला मंडळात वाचता येणारी मी एकटी.

मी शाळेत गेले नाही. होड्यांवर रंगवलेली नावं, घासलेटच्या डब्यांवरची अक्षरं, पुड्यांचे कागद, असं करत करत मला वाचायला यायला लागलं. पहिल्यांदा यायला लागलं तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. आमच्या घरचे जेवताना म्हणायचे, “हिला मीठ मागितलं तर ही पुडी वाचून दाखवते.” पण गावात माझी पत वाढली. पत्रं वाचायला लोक यायला लागले. पत वाढली की डोकंही वाढतं. ते मात्र कुणी सांगत नाही.

जमनाला मी म्हटलं, “खडीवर जायचं नाय. उद्या मी येते तुझ्याबरोबर.”

साहेब लोकांच्या वसाहतीत एक खानावळ होती आणि ती रामनाथ नावाचा माणूस चालवायचा. नगरकडचा, गोरा, पोट पुढे, बोलायला मोकळा. आम्हाला बघून त्याने तवाच चुलीवर ठेवला.

“या मावशे. आता तुमच्या डोळ्यांदेखत करतो, म्हणजे मी खोटा पडायचो नाही.”

त्याने आमच्या टोपलीतलं एक अंडं तव्यावर फोडलं. पांढरं पसरलं, कडेने करपायला लागलं.

“घ्या वास.”

मी वाकून घेतला. जमनानेही घेतला.

“चांगला येतो,” जमना म्हणाली.

रामनाथ आणि त्याचे दोन आचारी खो खो हसले. “तुम्हाला चांगलाच येणार हो. साहेब अंडं मागतो, मी बोंबील पुढं ठेवतो. काल एकाने मला विचारलं, ही कोंबडी काय समुद्रात पोहते का?”

मला उत्तरं सुचतात ती परतीच्या वाटेवर, निम्म्यात आल्यावर. त्या दिवशी तीही सुचली नाहीत.

परत येताना एसटीत बसलो. आमच्या पुढच्या बाकावरच्या बाईने पदर नाकाला लावला. टोपलीत मासळी नव्हती, अंडीच होती. मी अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून निघाले होते. जमनाने माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर. आणि दोघींना एकदमच कळलं, किंवा आम्हाला तसं वाटलं. वास अंड्याला नाही. वास आम्हाला. कोळणीने सोनं नेऊन दिलं तरी लोक आधी नाक धरतील आणि मग सोनं घेतील. जन्मभर बघत आलो होतो, मग हे नवीन काय होतं.

मंडळाच्या बायकांना मारुतीच्या ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं. प्रत्येकीने एकेक अंडं फोडून वास घेतला. चौदा बायका, एकीलाही काही आलं नाही. विजयाबाई बाजूला बसल्या होत्या. मी त्यांच्या हातात वाटी दिली. “तुम्ही मासळी खात नाय. तुम्ही सांगा.”

त्यांनी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि कानापर्यंत लाल झाल्या.

“नर्मदाताई, राग मानू नका. मला इथे सगळ्यालाच वास येतो. घराला, रस्त्याला, माझ्या खोलीतल्या उशीला. आता त्यातून अंड्याचा वेगळा कसा काढू?”

सगळ्या हसल्या. पोरगी प्रामाणिक होती, पण उपयोग शून्य.

मग आम्ही जे जे सुचेल ते केलं. अंडी साबणाने धुतली. चिंचेच्या पाण्याने धुतली. टोपली बदलली, पेंढा बदलला, टोपलीत लिंबाची पानं घातली. रामनाथने दिलेली मुदत आठ दिवसांची होती आणि त्यातले चार आम्ही अंड्यांना अंघोळी घालण्यात घालवले. धुतलेली अंडी लवकर नासतात हे पुस्तिकेच्या अकराव्या पानावर लिहिलेलं होतं. ते मी पाचव्या दिवशी वाचलं. तोवर टोपलीभर अंडी खाडीत टाकली होती आणि तेव्हा मात्र वास सगळ्यांना आला.

शेवटी मला एक युक्ती सुचली. वाटेवरच्या पाम गावात गोजराबाई आहे, माझी वीस वर्षांची मैत्रीण. तिची चिकू-नारळाची वाडी, घरात मासळी येते पण शिजण्यापुरती. तिच्या घरावरून बाजाराला जाता-येता मी तिच्याकडे चहा घेते आणि ती पाऊस संपला की माझ्याकडे सुके बोंबील न्यायला येते. दिसायला लख्ख, हातात बांगड्या भरलेल्या. टोपली हिने नेली तर? अंडी आमची, डोकं हिचं. घेतली तर रामनाथच्या पोटातलं पाप उघडं.

गोजराबाईला सांगितलं तेव्हा ती जरा घुटमळली. “मीच कशाला गं? माझ्या सुनेला पाठवते.”

“तूच. तुला बघून कुणी नाक धरणार नाय.”

ती गेली. आम्ही तिच्या वाडीच्या फाटकाशी थांबलो, मी आणि जमना. दुपारी ती परत येताना दिसली, टोपली डोक्यावर. रिकामी टोपली डोक्यावर घेऊन बाई वेगळी चालते. आम्हाला लांबूनच कळलं, भरलेलीच परत आली.

टोपली उतरवून ती पायरीवर बसली. पाणी मागितलं. प्यायली. “त्याला म्हटलं, अंडी माझी आहेत, पामच्या वाडीतली. त्याने एक फोडलं आणि म्हणाला, मग तुमची वाडी नवापूरच्या किनाऱ्यावर असेल.” आणि मग खाली बघत म्हणाली, “उद्यापासून व्यापाऱ्याची येणार. बंद झालं गं नर्मदे.”

“बघ,” मी जमनाला म्हटलं. “त्याने ओळखलं. कुणीतरी त्याला सांगितलं असणार.”

“कुणी सांगायला नको,” गोजराबाई म्हणाली.

“म्हणजे?”

तिने बांगड्या मागे सारल्या, पुढे ओढल्या. “वास येतो, नर्मदे.”

मी टोपलीतलं एक अंडं उचलून नाकाशी धरलं.

“तू शिमग्याला चार अंडी दिली होतीस ना नातवासाठी. तेव्हापासून येतो. नातवाने तोंडातलं बाहेर काढलं.”

“आणि तू बोलली नायस?”

“काय बोलू? तुझ्या घरी वीस वर्षं चहा पिते. कोळणीच्या घरातल्या वस्तूला वास येतो, हे मी तुझ्या तोंडावर सांगू? ते सांगणारे काय कमी आहेत तुला?”

या बाईने मला अपमान होऊ नये म्हणून महिनाभर बुडू दिलं. तिच्यावर रागवायला मी तोंड उघडलं आणि मला राग सापडेना. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

“तुमी कोंबड्यांना घालता तरी काय?” गोजराबाईने विचारलं.

“पुस्तकात लिहिलंय ते,” जमना म्हणाली. “वयनी वाचून दाखवते.”

आणि तिथे, पायरीवर, मला ते पान दिसलं. सहावं पान. ‘सुक्या मासळीची भुकटी : शंभरात पाच भाग.’ मी ते वाचलं होतं. बरोबर वाचलं होतं. ओट्यावर उभी राहून मोठ्याने वाचलं होतं आणि वर माझी अक्कल जोडली होती. म्हणाले होते, “बायांनो, हे लिहिणारा माणूस देशावरचा. त्याला मासळी विकत घ्यावी लागते, म्हणून तो पाच बोलतो. आपल्या दारात जवळा पडलाय, मोडके बोंबील पडलेत. आपण का चिंगूसपणा करायचा? पोटभर घाला.” सगळ्या हसल्या होत्या आणि मला धन्यता वाटली होती. शंभरातले साठ-सत्तर भाग आम्ही मासळीच घालत होतो. कोंडा विकत आणावा लागतो, मासळी फुकट. तिथे शहाणपण कोण करणार. कोंबड्याही खूश होत्या. आणि आमच्या अंड्याला मासळीचा वास आला तर तो आम्हाला कसा यावा? माशाला कधी पाणी ओलं लागतं का.

चालत घरी आलो. मी वाटेत जमनाला सगळं सांगितलं. सांगणं भाग होतं. मंडळाला नंतर सांगता आलं असतं, पण खडी तिने सोडली होती.

तिने डोक्यावरची टोपली सारखी केली. मग म्हणाली, “पुस्तकात खरं लिहिलं होतं?”

“हो.”

“आणि तू वाचलंस ते पण खरं?”

“हो.”

“मग?”

“मग मला वाटलं, मला जास्त कळतं.”

ती आणखी थोडं चालली. खोकली. आणि म्हणाली, “बरं झालं वयनी.”

“काय बरं झालं?”

“मला वाटलं होतं, आपल्या अंगालाच वास येतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रकात बसून खडीवर गेली.

मी तिला अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवणार? मंडळासमोर उभी राहिले, चूक सांगितली. दोघींनी कोंबड्या कापून खाल्ल्या, चौघी बोलायच्या बंद झाल्या. उरलेल्यांना घेऊन मी गोजराबाईकडे गेले. तिच्याकडे भाताचा कोंडा पोत्यांनी पडून होता, आणि तिच्या चिकूला खत हवं होतं. मासळीचं खत झाडाला किती मानवतं हे वाडीवाल्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक. आमची भुकटी तिच्या झाडांना, तिचा कोंडा आमच्या कोंबड्यांना. पाच मिनिटांत ठरलं. इतकी साधी गोष्ट. वीस वर्षं मी त्या पायरीवर चहा पीत होते, एका बाजूला कोंड्याची पोती आणि माझ्या टोपलीत मोडके बोंबील, आणि आम्हा दोघींना ती सुचली नव्हती. विजयाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “ताई, याला आमच्या पुस्तकात एक मोठं नाव आहे.” मी म्हटलं, “नाव नंतर. आधी तुमच्या हाताने पाच भाग मोजून द्या. माझ्यावर माझा विश्वास नाय.”

तीन आठवडे गेले. वास घ्यायला आता आमची नाकं वापरायची नाहीत असं मंडळात ठरलं. अंडी गोजराबाईच्या नातवाकडे जायची. पहिल्या आठवड्यात त्याने तोंड वाकडं केलं. दुसऱ्यात खाल्लं पण मीठ मागितलं. तिसऱ्यात दोन खाल्ली.

मी टोपली भरून रामनाथकडे गेले. त्याने एक फोडलं, तव्यावर टाकलं, उभ्या उभ्या स्वतःच खाल्लं.

“आता बरोबर आहे,” तो म्हणाला. “काय केलं?”

“पुस्तकात लिहिलं होतं ते केलं.”

“मग आधी का नाही केलं?” आणि बोटं पुसत म्हणाला, “पण मावशे, व्यापाऱ्याला मी दिवाळीपर्यंत शब्द दिलाय. तुम्ही दिवाळीला या.”

“तोवर कोंबड्यांना काय सांगू?”

“सांगा, साहेब रजेवर गेलाय.”

तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला चहा दिला. तो पिऊन मी बिनवासाची टोपली घेऊन पाच मैल परत आले. वासाची परत आली तेव्हा निदान कारण तरी होतं.

टोपली अंगणात ठेवून मी पायरीवर बसले होते तेव्हा जमनाचा ट्रक आला. ती उतरली, केसांत खडीचं पीठ, भुवया पांढऱ्या. टोपलीकडे बघितलं आणि काय झालं ते विचारलंच नाही.

“वयनी, त्यातली बारा उकडून दे सकाळी. नाय, सोळा दे.”

“कुणाला?”

“खडीवर देशावरच्या बाया आल्यात, सोलापूरकडच्या. माझ्या शेजारी बसते ना रंभाबाई, तिला सातवा लागलाय. दुपारी भाकरी आणि मिरची. तिला मी माझ्या घरचं एक दिलं परवा. दुसऱ्या दिवशी तिघी मागायला लागल्या.”

“त्या पैसे कुठून देणार? हातावर पोट त्यांचं.”

“त्यांना रेशनची लाल ज्वारी मिळते. चाळून कोंडा फेकतात. मी बोलली, फेकू नका, मला द्या.” तिने कमरेची पिशवी सोडून माझ्या पायाशी ठेवली. लालसर कोंडा, तोंडापर्यंत. “आपल्या कोंबड्या खातील ना? पुस्तकात बघ. आणि या वेळी लिहिलंय तेवढंच सांग.”

मी पुस्तिका आणली आणि वाचलं. ज्वारीचा कोंडा चालत होता.

“आधी पोटवाल्या बायांना,” जमना म्हणाली. “मग लहान पोरं अंगावर आहेत त्यांना. उरलं तर मुकादमाला, पण त्याच्याकडून रोख. तसं ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

“कोणी ठरवायला कशाला पाहिजे?” ती म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

पंधरा दिवसांत सोळाची चाळीस झाली. बोलणं सोडलेल्या चौघी परत आल्या. विजयाबाईंना वरच्या हापिसात अहवाल पाठवायचा होता. त्या माझ्या घरी कागद घेऊन बसल्या. ग्राहक कोण, विक्री कशी, असे रकाने होते आणि एकातही जमना बसत नव्हती.

“ताई, तिला हे कुणी शिकवलं असं लिहू? ट्रेनिंगला तर ती आली नव्हती. पुस्तक तिला वाचता येत नाही.”

“तुम्ही शिकवलं लिहा. तुमची बढती होईल.”

“खरं सांगा ना.”

खरं मला सांगता येत नव्हतं, कारण मला त्याचा त्रास होत होता. मी तिला म्हटलं होतं, खडी सोड, कोंबड्या पाळ. आता कोंबड्या बऱ्या चालल्या होत्या, अंड्याला वास नव्हता, गिऱ्हाईक होतं. आणि ते सगळं गिऱ्हाईक खडीवर बसलेलं होतं. म्हणून ती खडी सोडत नव्हती. मी दोनदा भांडले तिच्याशी. टोपली दुसरी कुणी नेईल म्हटलं. ती म्हणाली, “दुसरीला कसं कळणार कुणाला कितवा लागलाय? ते शेजारी बसल्याशिवाय सांगत नायत बाया.” याचं उत्तर पुस्तिकेतही नव्हतं. मी चौतीसच्या चौतीस पानं बघितली.

विजयाबाईंना मी म्हटलं, “तिला तिथून उठवायचं कसं, असा रकाना आहे का तुमच्याकडे?”

त्यांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

सकाळी ट्रकाचा हॉर्न वाजला. बायका पाठीमागे चढल्या, एकमेकींच्या पायांत पाय अडकवून बसल्या. जमना पुढे गेली. अंडी हिंदकळून फुटतात म्हणून ड्रायव्हरने आठ दिवसांपासून तिला आपल्या शेजारी बसवायला सुरुवात केली होती. उकडलेली अंडी फुटून फुटून काय फुटणार, पण ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी टोपली वर दिली. तिने ती मांडीवर घेतली, पदराने झाकली, आणि हातोडा कुठे ठेवायचा ते न कळून टोपलीवरच आडवा ठेवला.